फुंकणी केवढी हवी?

दिवाळी अंकात यंत्रांवर लिहिणे म्हणजे चकली-करंजीच्या ताटात पाना आणि पक्कड वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. परंतु वर्षभर हे सदर वाचणारी मंडळी दिवाळीतही मोटारीचे बॉनेट उघडल्यावाचून राहत नाहीत, हाही माझा अनुभव आहे. बोनस हाती पडलेला असतो, चार दिवस रजा असते आणि गाडी दारात उभी असते. अशा वेळी तरुण मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो टायरचा नसतो, ब्रेकचा तर नसतोच नसतो. तो असतो मागच्या नळीचा! मूळची बारीक नळी काढून टाकायची आणि चांगली मनगटाएवढी, जमल्यास दंडाएवढी नळी बसवायची. म्हणजे गाडी पळेल; आणि पळाली नाही तरी पळते आहे असे निदान गल्लीला तरी वाटेल.

तेव्हा आजचा प्रश्न असा की, रोज रस्त्यावर चालवायची पण अंगात थोडी रग असलेली गाडी असेल, तर तिच्या एक्झॉस्टची नळी केवढी असावी?

ज्यांच्या घरी चूल होती त्यांना याचे अर्धे उत्तर आजीने कधीच देऊन ठेवले आहे. विस्तव फुलवायचा तर आजी फुंकणी घेई. फुंकणीचे चुलीकडचे तोंड बारीक. त्यातून निघालेला वारा थेट निखाऱ्यावर जाऊन बसे. तोच श्वास गटाराच्या चार इंची पाइपातून फुंकून पाहा. निखारा तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. वारा तेवढाच, छाती तीच, पण वेग गेला.

मात्र हे उत्तर अर्धेच. उरलेले अर्धे शहाळेवाल्याकडे मिळते. शहाळ्याची नळी तोंडात धरून जोराने श्वास सोडून पाहा. गाल फुगतील, डोळे पांढरे होतील आणि वारा काही बाहेर पडणार नाही. नळी फार रुंद झाली तर वेग मरतो आणि फार अरुंद झाली तर जीव गुदमरतो. नळीचा सारा हिशेब या दोन टोकांच्या मध्ये बसलेला आहे.

आता इंजिनाकडे येऊ. दीड लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल आणि दर वेळी गळ्यापर्यंत भरत असेल असे धरले, तर ते सेकंदाला ७५ लिटर हवा ओढते. १५ लिटरची बादली धरली तर सेकंदाला पाच बादल्या! ही हवा पेट्रोलाबरोबर जळून तापते आणि बाहेर पडताना तिचा पसारा जवळजवळ तिप्पट झालेला असतो. एवढा लोट एका नळीतून बाहेर काढायचा आहे. तोही सरळ धारेने येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. पिस्टन खाली पोचण्याच्या बेतात असताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून बाहेरच्या कितीतरी पट दाब असतो. तो एकदम सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून धावत जाते. ही लाट जिथे नळी एकदम रुंद होते तिथे आपटते आणि उलट्या पावली परत येते. पण परत येते ती दाबाची लाट म्हणून नव्हे, ओढीची लाट म्हणून. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, तर सिलिंडरात उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला आत बोलावते. ६,००० फेऱ्यांना एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो. त्याच्याही एका अंशात ही लाट जाऊन परत यायची असते. यावरून, इंजिनाजवळच्या नळ्यांची लांबी-रुंदी ठरवणारे लोक केसाकेसाचा हिशेब का करतात, ते लक्षात येईल.

इथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. कोणत्याही गॅरेजात जाऊन उभे राहा. कोणी तरी छातीठोकपणे सांगेल, ‘साहेब, इंजिनाला थोडे बॅकप्रेशर लागतेच. मोठी नळी टाकली की बॅकप्रेशर जाते आणि पिकअप मरतो.’ यातला अनुभव खरा आहे, कारण मात्र खोटे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनाला धूर बाहेर ढकलताना पाठीमागून अडवणारा दाब कधीच नको असतो. माझ्या पाठीवर कोणी हात ठेवून दाबला तर मी जिना जास्त वेगाने चढेन, असे म्हणण्यासारखेच ते आहे. अवाजवी मोठ्या नळ्यांनी पिकअप मरतो तो बॅकप्रेशर गेल्यामुळे नव्हे. कमी फेऱ्यांना वायूचा वेग मंदावतो आणि ती ओढीची लाट दुबळी होते, म्हणून.

ही समजूत इतकी खोल का रुजली, याविषयी माझा एक कयास आहे. आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या एका अख्ख्या पिढीचा हात दोन स्ट्रोकच्या फटफट्यांवर बसला. येझदी, राजदूत आणि ती लाडकी आर.एक्स. १००! दोन स्ट्रोकच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच धुराचे दार उघडे असते, त्यामुळे काही मिश्रण धुराबरोबर नळीत पळून जाते. अशा वेळी नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परतलेली दाबाची लाट त्या पळपुट्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरात कोंबते. तिथे मागून येणारा दाब खरोखरीच उपकारक ठरतो. तो धडा चार स्ट्रोकच्या मोटारीला जसाच्या तसा लावला, इतकेच.

दोन स्ट्रोकच्या नळीचा आकार ही काय चीज आहे, हे सांगणारी एक खरी हकीकत आहे. पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे अभियंते होते. पोट फुगलेली आणि टोकाला निमुळती अशी नळी घडवून त्यांनी १२५ सी.सी.च्या इंजिनातून १९६१ साली सुमारे २५ अश्वशक्ती काढली. म्हणजे लिटरला २००! त्याच साली ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्यांचा पहिला स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि ती विद्या त्याने जपानच्या सुझुकी कंपनीला दिली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ५० सी.सी.च्या वर्गातले जगज्जेतेपद सुझुकीवर बसून त्याने मिळवले. नळीच्या आकाराचे मोल काही वेळा एवढे असते. असो.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. माझा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. त्याच्याकडे या शतकाच्या सुरुवातीला निघालेली १.५ लिटरची होंडा सिटी व्हीटेक आहे. फेरनोंदणी करून, कातडी बचावून ठेवलेली. १०६ अश्वशक्तीची ही गाडी वरच्या फेऱ्यांना अजून गाते. मूळचा सायलेन्सर गंजून जोडाशी फुटला, तेव्हा हा पठ्ठ्या बोनस खिशात घालून माझ्याकडे आला.

“काका, तीन इंची टाकतोय.”

“का रे बाबा?”

“मित्राने टाकलीय. त्याची गाडी उडते नुसती!”

“त्याची गाडी कोणती?”

“पोलो. जीटी टीएसआय. पण पॉवर सारखीच आहे ना, काका? त्याची १०५, माझी १०६.”

मी त्याला पाट दिला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसवले. इंजिने खुलवण्यावर अनेक पुस्तके लिहिणारे डेव्हिड व्हिझार्ड यांचा एक ढोबळ नियम आहे. दर अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट वायू जाईल एवढी वाट ठेवावी, आणि सरळ नळीच्या दर चौरस इंचातून मिनिटाला सुमारे ११५ घनफूट जातात असे धरावे. १०६ ला २.२ ने गुणले तर २३३. त्याला ११५ ने भागले तर दोन चौरस इंचांहून किंचित जास्त. एवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा आतला व्यास येतो १.६ इंच. म्हणजे बाहेरून पावणेदोन इंच भरणारी नळी या गाडीला पुरते. दोन इंची घेतली तर ती १५० अश्वशक्तीपर्यंत पुरेल.

“आणि तीन इंची?” त्याने विचारले.

“ती साधारण साडेतीनशे घोड्यांची. तुझ्या तबेल्यात आहेत १०६.”

तो जरा खट्टू झाला. मग मी त्याला दुसरा हिशेब दाखवला, तो पैशांत मांडतो म्हणजे पटकन उमजेल. नळीच्या घर्षणाने होणारा तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतो. दीड इंची नळीत १०० पैसे तोटा होत असेल, तर दोन इंचीत तो २४ पैशांवर येतो, अडीच इंचीत ८ वर आणि तीन इंचीत ३ वर. म्हणजे पहिल्या अर्ध्या इंचाने ७६ पैसे वाचवले, दुसऱ्याने १६ आणि तिसऱ्याने अवघे ५. उलट नळीचे क्षेत्रफळ दोनावरून तीन इंचांवर जाताना सव्वादोनपट होते. वजन वाढते, आवाज वाढतो आणि गाडीच्या पोटाखालची जागा मात्र कमी होते. पाच पैसे वाचवायला रुपया मोडण्यातला हा प्रकार!

मग मित्राची गाडी का उडते? तिला टर्बो आहे, म्हणून. टर्बोच्या गाडीत धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते इंजिनात हवा कोंबते. या चक्राच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांत जितकी तफावत, तितके ते चपळ. तेव्हा चक्राच्या पुढची नळी मोकळी केली की त्याला हुरूप येतो. लाटांचा बराचसा खेळ त्या चक्रापाशीच मोडतो, म्हणून पुढे वेग राखण्याची चिंता फारशी उरत नाही. शिवाय अशा गाड्यांचे संगणकीय नियंत्रण बदलून मालक दाबही वाढवून घेतात, म्हणजे घोडेही वाढतात. टर्बोला सढळ हात चालतो, बिनटर्बोला मापात द्यावे लागते. तरी मित्रालाही अडीच इंचांत भागले असते, हे मी पुतण्याला कानात सांगून ठेवले.

तिथून आम्ही भोसरीला एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. गृहस्थ सरळ निघाले. म्हणाले, “साहेब, तीन इंची बेंड माझ्याकडे पडून आहेत, स्वस्तात लावून देतो. पण पोरगा पहिल्याच गतिरोधकावर परत येईल आणि तोंड मला दाखवेल.” मग त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. साध्या यंत्रावर वाकवलेली नळी वळणाशी चिमटते. बाहेरून दोन इंची दिसते, पण आत वाट पावणेदोनाचीही उरत नाही. नळीत वाळू ठासून, तापवून वाकवली किंवा आतून आधार देणाऱ्या यंत्रावर वाकवली, तर पोट सपाट होत नाही. चांगल्या वळणांची दोन इंची नळी ही चिमटलेल्या सव्वादोन इंचीपेक्षा केव्हाही चांगली. व्यासावर भांडणारे शंभर भेटतात. वळणात बोट घालून पाहणारा एखादाच.

जागेप्रमाणे महत्त्व कसे बदलते, तेही सांगून ठेवतो. इंजिनाला लागून असलेल्या नळ्या, ज्यांना हेडर म्हणतात, तिथे माप सर्वांत काटेकोर हवे. रस्त्यावरच्या गाडीला चाराच्या दोन आणि दोनाची एक अशी जुळवणी मधल्या फेऱ्यांना बळ देते. चाराची एकदम एक केली की कल वरच्या फेऱ्यांकडे झुकतो. कोथरूडहून स्वारगेटला जाताना इंजिन दीड ते तीन हजार फेऱ्यांत असते, हे विसरू नये. तिथून मागे जावे तसतसे माप सैल चालते आणि आवाज, वजन व जागा यांचा विचार वरचढ होतो. वायू मागे जाता जाता थंड होतो आणि आक्रसतो, म्हणून शेवटच्या तुकड्याला तर जास्त मोठेपणाची गरजच नसते. टोकाला लावलेला तो चार इंची चकचकीत कर्णा हा दागिना आहे. हौस म्हणून जरूर घाला, पण त्याला औषध समजू नका.

आणि आता मोलाची गोष्ट. पुतण्याची दुसरी पाळी सुटून तो घरी येतो रात्री एक वाजता. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर, गाड्या लावतात त्याच भिंतीला लागून, एक आजोबा राहतात. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. फुटक्या सायलेन्सरने गाडी आली की ते उठून बसत, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नसे. त्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांच्या सूनबाईंनी एकदा माझ्या वहिनींना सहज बोलता बोलता सांगितले होते. मी हे पुतण्याला त्या पाटावर बसल्या बसल्या सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. तीन इंची नळीचा नाद पाचव्या घाताच्या हिशेबाने अर्धा सुटला असेल, उरलेला तिथे सुटला.

कायदाही इथे आजोबांच्याच बाजूला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम म्हणतो की, गाडीला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनमानी फेरबदल करू देत नाही. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलीच आहेत. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ नळी जोडणारे महाभाग भेटतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्या डब्यात जो कार्बन मोनॉक्साईड मरतो त्याला रंग नाही आणि वासही नाही. जोड गळका असला, तर तो आपल्याच गाडीत, आपल्याच मुलांच्या शेजारी येऊन बसतो.

मोठ्या नळीचा आणखी एक जाच मालकालाच होतो. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा ठोका देते. ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठोके होतात. हा सूर नळीच्या आणि गाडीच्या पोकळीशी जुळला की आत असा घुमघुमाट सुरू होतो की, लोणावळ्यापर्यंत डोके भणाणून जाते. मधला आवाज शोषणारा डबा काढू नये, तो यासाठीच.

शेवटी पुतण्याने काय केले? मिस्त्रींकडून चांगल्या वळणांची दोन इंची नळी, मधला डबा कायम, कन्व्हर्टर कायम आणि मागे मोकळ्या वाटेचा पण दबक्या आवाजाचा सायलेन्सर. मी त्याला एक अट घातली होती की, मनाने नव्हे, घड्याळाने मोजायचे. काम होण्यापूर्वी आणि झाल्यावर, त्याच सपाट मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० पासून ८० पर्यंत. शेजारी बसलेल्याने घड्याळ धरायचे, जाताना आणि येताना तीन तीन वेळा. गाडी थोडी चपळ झाली, तीही बहुतेक गंजलेला चोंदलेला जुना डबा गेल्यामुळे. नंतर त्याच्याच कारखान्यातल्या एकाची तशीच सिटी, तीन इंची नळी लावलेली, त्याच रस्त्यावर मोजली. घड्याळाला दोघींत फरक सापडला नाही. कानाला मात्र अर्ध्या मैलावरून सापडत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरे काय! बोनसातून उरलेल्या पैशांत पुतण्याने नवे टायर घातले. गाडीला वेग देण्याइतकाच तो वेळेवर थांबवण्यासाठी खर्च करावा, ही सुबुद्धी फार थोड्यांना विशी-पंचविशीत सुचते. आणि आजोबांना आता तो रात्री केव्हा आला ते कळत नाही. त्यांच्या सूनबाईंनी यंदा त्याच्यासाठी अनारसे पाठवले.

तेव्हा ज्यांच्या मनात या सुट्टीत गॅरेजची पायरी चढायचे आहे, त्यांनी आधी आपले घोडे मोजावेत, मग नळी. बिनटर्बोच्या गाडीला शंभर घोड्यांपर्यंत पावणेदोन इंच आणि दीडशेपर्यंत दोन इंच भरपूर झाले. टर्बो असेल तर त्याहून अर्धा इंच वर जायला हरकत नाही. वळणात बोट घालून पाहा, जोडांना साबणाचे पाणी लावून गळती तपासा, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी एवढे लक्षात असू द्या की, एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणीही वाफ होऊन त्याच नळीतून जाते. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते नळीतच साचून तिला आतून खाते. पत्रा त्या हिशेबाने निवडा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, इंजिन पाहून नळी पसरावी. सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.